दुसरं धुराडं

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या ओळीतली सगळी घरं मला एकसारखी दिसायची. चुन्याच्या भिंती, पुढे एक पायरी, वर एक धुराडं. सुरुवातीला पाणी घेऊन येताना मी एकदा चक्क शेजारच्या घरात शिरले. बादली खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि ओट्यावरची भांडी घासायला घेतली. शेजारीण कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं आणि मी ओशाळून उठायला लागले, तशी ती शांतपणे म्हणाली, "आता आलीच आहेस तर तेवढी कढई राहिलीय."

ओळीच्या टोकाला ब्रशचा कारखाना होता. कपड्यांचे, बुटांचे, घोड्यांना खरारा करायचे, बाटल्या धुवायचे, सगळ्या तऱ्हेचे ब्रश तिथे होत. आजूबाजूची जमीन अशी की बटाट्यांपलीकडे फारसं काही द्यायची नाही, त्यामुळे ओळीतल्या बहुतेकांचं पोट कारखान्यावर होतं. साहेबांची खोली वरच्या मजल्यावर होती. तिची खिडकी बरोबर आमच्या ओळीकडे उघडायची. सकाळी साहेब कप हातात घेऊन त्या खिडकीत उभे राहत आणि कुठल्या घराला जाग आली, कुठलं अजून झोपलंय, ते धुरावरून ओळखत असत.

आमच्या घरात सासूबाई, थोरले दीर म्हणजे भाऊजी, जाऊबाई आणि मी. आमचे हे लाकडाचा ट्रक चालवायचे. आठवड्याचे बरेच दिवस रस्त्यावरच असायचे. भाऊजी कारखान्यात बरम्यावर होते. बरम्यावरचे पुरुष ब्रशच्या लाकडी पाठीला भोकं पाडत. जाऊबाई भरणीच्या टेबलावर होत्या. भरणी बायकांची. भोकातून तारेचा फास वर काढायचा, त्यात राठ केसांचा झुपका अडकवायचा आणि मागून तार ओढायची. झुपका मधोमध दुमडून भोकात घट्ट बसतो. मग पुढचं भोक. बरमेवाले भोकं पाडत आणि बायका ती बुजवत. यावरून कारखान्यात जे विनोद चालत ते मला जाऊबाईंनी फार वर्षांनी सांगितले, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मला त्या कारखान्याचं विलक्षण कुतूहल होतं. मी आत कधी गेले नव्हते. नवी सून, आधी घर शिकू दे, असं सासूबाईंचं म्हणणं. जाऊबाई संध्याकाळी यायच्या तेव्हा त्यांच्या बोटांवर तारेचे वळ असत, बाहीला एखादा केस चिकटलेला असे. आणि हात धुताना त्या स्वतःशीच हसत. मी विचारायचे, "ताई, काय झालं आज?" त्या म्हणायच्या, "काय व्हायचंय? ब्रश भरले." घरात त्या इतक्या कमी बोलत की मला त्या जरा रुक्षच वाटायच्या. मग हे हसू कुठून येतं, हे मला कळायचं नाही.

पुढच्या वर्षी मंदी आली. आमचे ब्रश जहाजानं लांब जात. तिकडचे व्यापारी एकामागून एक बुडाले. भरलेल्या पेट्या बंदरावरून परत आल्या आणि कारखान्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिल्या. कारखाना बंद होणार म्हणता म्हणता साहेबांनी तोड काढली. कारखाना चालेल, पण एका घरातून एकच माणूस कामावर येईल.

हे ऐकल्याबरोबर त्याच संध्याकाळी ओळीतले अर्धे भाऊ एकमेकांपासून विभक्त झाले. कालपर्यंत एका ताटात जेवणारे, आज आमचं घर वेगळं म्हणून दारात उभे. ओळीत सगळेच एकमेकांचे काका, मामा, मेहुणे. कुठलं घर कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं हे सांगायला देवच यावा लागला असता. साहेब वैतागले. मुकादमाला घेऊन खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, तोंडाचं काही ऐकायचं नाही. जिथे धूर, तिथे घर. एका धुराड्याला एक माणूस. मुकादमानं फाटकाशी उभं राहून ते सगळ्यांना ऐकवलं.

यातली गंमत पुढे आहे. पाठींना भोकं पाडून कोठारात इतका ढीग लागला होता की बरम्यांचं काम जवळजवळ थांबलंच. जे काही उरलं होतं ते भरणीचं. म्हणजे काम उरलं होतं बायकांचं. पण घरातून एकच माणूस म्हटल्यावर तो कोण, हे ओळीत कुणी कुणाला विचारलंच नाही. बायका घरी बसल्या आणि बरमेवाले त्यांच्या जागेवर भरणीच्या टेबलाला जाऊन बसले. ज्या बायकांना पुरुषमाणूस नव्हता तेवढ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणजे ओळीच्या शेवटच्या घरातली मावशी. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती म्हणायची, जिवंतपणी कधी कामाला आला नाही, मेल्यावर आला.

आमच्या घरी त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. सासूबाई म्हणाल्या, चला, निदान एकाचं तरी काम टिकलं. जाऊबाईंनी घास खाली ठेवला.

"कुणाचं?" त्या म्हणाल्या.

भाऊजींनी मान वर केली. "म्हणजे काय?"

"कुणाचं टिकलं ते विचारतेय. कधी ठरलं?"

"त्यात ठरवायचं काय?" भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. सूर्य कुठून उगवायचा ते कधी ठरलं, असं कुणी विचारावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, वाढ म्हणून. मी वाढलं. 

दुसऱ्या दिवशी भाऊजी एक लाकडी पाठ, तार आणि केसांचा जुडगा घरी घेऊन आले. भरणी शिकायची होती. आता ती शिकवणार कोण? त्यांनी बराच वेळ स्वतःच खटपट केली. झुपका दुमडायचा सोडून उधळायचा. तार सुटून हाताला लागायची. जाऊबाई भांडी आवरून आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा अंगठा धरून तारेवर जिथे हवा तिथे ठेवला. "ओढताना श्वास सोडा," म्हणाल्या. मी दारातून बघत होते. मला वाटलं, झालं, यांनी मनातून काढून टाकलं. आपलीच खुर्ची नवऱ्याला द्यायची आणि वर ती कशी वापरायची तेही शिकवायचं. एवढी समजूतदार बाई मी पाहिली नव्हती. मला थोडा रागही आला.

पण मी त्यांना ओळखलं नव्हतं. दोन दिवसांनी त्या मावशीबरोबर कारखान्याच्या फाटकाशी गेल्या आणि साहेब बाहेर पडेपर्यंत थांबल्या. नंतर मावशीनं ते बोलणं ओळीभर सांगितलं, थोडं मीठमसाला लावून, पण मूळ गोष्ट खरी. जाऊबाईंनी नोकरी मागितली नाही, रडगाणं गायलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की साहेब, धूर निघतो ते घर, हे खरं ना? साहेब म्हणाले, खरं. मग त्या धुराखाली कोण राहतं ते बघायचं नाही ना, जाऊबाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, मला नात्यागोत्यात पडायचंच नाही म्हणून तर धुराड्याचं ठरवलं. आपल्या या युक्तीवर ते खूश होते. जाऊबाईंनी मान हलवली आणि परत आल्या.

येताना वाटेत त्या मुकादमाकडे थांबल्या. कारखान्याच्या मागे जुन्या भट्टीचा गंजका पाइप पडला होता. तो त्यांनी मागितला. कशाला, तर कोंबड्यांच्या खुराड्यात थंडी शिरते. मुकादम मनानं वाईट नव्हता. त्यानं पाइप स्वतः खांद्यावर घालून आमच्या परसात आणून टाकला.

आमच्या घराच्या मागे भिंतीला टेकून एक पडवी होती. तिथे लाकडं आणि कोंबड्या असत. जाऊबाईंनी कोंबड्या बाहेर काढल्या, लाकडं एका बाजूला रचली आणि मला म्हणाल्या, "माती कालवतेस का?" मी कालवली. का, कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही, पण हात मात्र शिवशिवत होते. त्यांनी विटा रचून चूल घातली, मागच्या भिंतीतून पाइप वर काढला आणि भोवती माती थापली. संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी परसात डोकावून पाहिलं आणि हसले. रुसली आहे, म्हणाले. दोन दिवसांत येईल आत.

चूल पेटवायला जाऊबाई आमच्या चुलीतला निखारा मागायला आल्या. सासूबाई चुलीसमोर आडव्या बसल्या. "वेगळं व्हायचं तर विस्तवही वेगळा," म्हणाल्या. त्यांना वाटलं, सून इथे अडेल. जाऊबाईंनी मावशीकडून काड्यांची पेटी आणली.

सकाळी आमच्या घरावर दोन धूर निघाले. एक नेहमीचा सरळ, आणि मागून एक वाकडातिकडा, काळपट, खोकल्यासारखा. बायका पायऱ्यांवर येऊन बघायला लागल्या. थोड्याच वेळात मुकादम आला. पाइप बघून त्याचं तोंड आंबट झालं, पण तो कुठून आला हे त्याला चारचौघांत म्हणता येईना. त्यानं विचारलं, "बाई, हे काय?"

"घर," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि नवरा?"

"तो पलीकडच्या घरात राहतो. ओळख आहे आमची."

पायऱ्यांवर हशा पिकला. भाऊजी आतल्या खोलीत होते, ते बाहेर आलेच नाहीत.

मुकादमानं साहेबांना सांगितलं. साहेब चिडले म्हणतात, आणि मग त्यांना हसू आलं म्हणतात. यातलं खरं काय ते मला माहीत नाही. पण सगळ्यांसमोर बोललेला शब्द त्यांना फिरवता येईना. त्यांनी अट घातली. धूर वेगळा तर जेवण वेगळं. एका चुलीवरचं दुसऱ्या चुलीवरच्यानं खायचं नाही. मुकादम केव्हाही येऊन बघेल. ज्या दिवशी जेवण एक झालं, त्या दिवशी दोन्ही चुली मिळून एकच धरणार आणि दोघांतला एक घरी बसणार.

अशा रीतीनं जाऊबाई परत भरणीच्या टेबलावर गेल्या. ओळीतल्या आणखी काही बायकांनीही घरी विषय काढला. एकीनं चूल घातली ती सासऱ्यानं लाथ मारून मोडली. एकीनं धुराडं उभं केलं, पण नवऱ्यानं जेवायचंच सोडलं, तिसऱ्या दिवशी ती आत गेली. बाकीच्या नुसत्या आमच्या परसाकडे बघत राहिल्या. तसं बघणं मी आधी पाहिलं नव्हतं. त्यात हेवा होता, राग होता, आणि ही आता कुठे आपटते ते बघायची उत्सुकताही होती. ती उत्सुकता माझ्यातही होती, खोटं कशाला बोलू?

आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. जाऊबाई पडवीतच झोपत, तिथेच रांधत, तिथेच जेवत. भाऊजी आमच्या चुलीवर जेवत. सासूबाई रोज सांगायच्या की माझ्या मुलाचं घर भरल्या घरात मोडलं. आणि कारखान्यात भाऊजींना पळता भुई थोडी झाली होती. काय रे, बायकोनं भाड्यानं ठेवलाय का तुला? सासुरवाडीला चाललास की परसात? असलं काहीबाही. ते घरी आले की ताटावर न बोलता बसत. मला त्यांची कीव यायची. आणि पडवीतून फोडणीचा वास आला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची, तेव्हा हसूही यायचं.

मग एका संध्याकाळी ते जेवताना अचानक मला म्हणाले, "ती घरी कधी मुकादमाची नक्कल करते का गं?"

मी म्हटलं, कोण, ताई? छे.

"तिथे करते," ते म्हणाले. "हुबेहूब. चालणं, खाकरणं, सगळं. टेबल हसून हसून आडवं होतं."

आधी भरणीची शेड वेगळी आणि बरम्यांची वेगळी होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्या बायकोला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. आता दोघं एकाच टेबलाला, समोरासमोर बसत. नवरा-बायको म्हणून बोलायची सोय नव्हती, कारण सगळे कान टवकारून असत. त्यामुळे ते नुसते बघत. रोज काहीतरी नवं घेऊन यायचे. ती गाणं म्हणते. ती मावशीला काय काय बोलते, ऐकवत नाही. नवीन आलेल्या पुरुषांना तिनं टोपणनावं ठेवली आहेत. "आणि तुम्हाला?" मी विचारलं. ते लाजले. सांगितलं नाही. शेवटी मी मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, त्याला ती 'पाहुणे' म्हणते.

मला हे सगळं नवल वाटायचं. एकाच बाईच्या दोन बायका कशा असतात? घरातली न बोलणारी आणि टेबलावरची बोलकी? आणि ती दुसरी घरी येताना कुठे ठेवून येत होती ती? मी जाऊबाईंना विचारलंसुद्धा. पडवीत त्या बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, "घरी कोण विचारतं मला काही? वाढ, आवर, दे. त्याला उत्तर द्यायला तोंड कशाला लागतं?" मग सोललेला बटाटा पाण्यात टाकत म्हणाल्या, "घरी बसवलं असतं ना, तर मी वर्षभरात तुझ्या सासूबाई झाले असते." आणि मग आम्ही दोघीही भिंतीपलीकडे ऐकू जाईल या भीतीनं तोंडावर हात धरून हसलो. त्या पहिल्यांदाच माझ्याबरोबर अशा हसल्या.

हळूहळू भाऊजी पडवीच्या दाराशी जायला लागले. आत नाही, उंबऱ्याबाहेर. हातात लाकडी पाठ असायची. हा कोपऱ्यातला झुपका बसत नाही, जरा बघ. जाऊबाई आतूनच सांगायच्या, तार पालथी धरलीत. पुढच्या दिवशी परत काहीतरी. एक माणूस इतकी वाईट भरणी करूच शकत नाही असं मला वाटायला लागलं होतं, पण नाही, ते खरंच वाईट करत. त्यांचे ब्रश एका बाजूनं टक्कल पडल्यासारखे दिसत. मुकादम ते कोठारात सगळ्यांत खाली ठेवायचा. तरी जागा त्यांची पक्की होती, कारण धुराडं त्यांचं होतं.

उंबऱ्यावर उभं राहणं मग उंबऱ्यावर बसणं झालं. ते बाहेर, त्या आत, मध्ये चुलीचा उजेड. काय बोलत असत ते मला कधी नीट ऐकू आलं नाही, पण बोलत मात्र असत. सासूबाई म्हणायच्या, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तेव्हा सुचलं नाही हे.

आणि एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं. जाऊबाईंनी निखाऱ्यात बटाटे भाजले होते. वरची साल करपून आत पिठूळ होणारे. त्यांनी एक फोडून मीठ लावलं आणि फुंकर घालत होत्या. भाऊजी उंबऱ्यावर बसले होते. कुणी मागितला आणि कुणी दिला ते मला माहीत नाही. मी परसात कपडे काढत होते. मला दिसलं ते एवढंच, की भाऊजींच्या तोंडात अर्धा बटाटा होता, तो इतका गरम होता की त्यांना गिळताही येईना आणि थुंकताही येईना, आणि कुंपणापाशी मुकादम उभा होता.

 भाऊजींच्या तोंडातून वाफ येत होती.

मुकादम आत आला. तो खूश झाला नव्हता, हे मी सांगितलं पाहिजे. अवघडला होता. पण अंगणाअंगणांतून माना बाहेर आल्या होत्या, त्याला गप्प बसता येईना. तो म्हणाला, जेवण एक झालं. आता चूल एक. उद्यापासून दोघांतला एक येईल. हे बोलताना तो भाऊजींकडे बघत होता. नुसतं सांगायचं म्हणून सांगत होता. कोण येणार यात त्यालाही ठरवण्यासारखं काही वाटत नव्हतं. सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, सुटल्यासारखं होतं. मुलगा परत मिळाला, सून परत जागेवर आली.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात उरलेला बटाटा तसाच होता.  बोलून काय होणार होतं? सगळी चूल त्यांनी स्वतः रचली होती, आणि ती एका घासानं गेली होती. त्या भाऊजींकडे बघत नव्हत्या, चुलीकडे बघत होत्या.

भाऊजींनी अखेर तो घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, बटाट्यानं.

"मुकादम," ते म्हणाले, "मी कुणाच्या चुलीवर जेवलो?"

"हिच्या."

"ती माझ्या चुलीवर नाही ना जेवली?"

"नाही बाबा, पण त्यानं काय फरक पडतो?"

"मग मी हिच्या चुलीवरचा माणूस झालो," भाऊजी म्हणाले. "ही माझ्या चुलीवरची नाही झाली. या धुराड्याखालून कामाला कोण येतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

मुकादमानं माना काढून बघणाऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "अरे, विचार करून बोल. लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं," भाऊजी म्हणाले आणि उठून उंबऱ्याच्या आत गेले. आत गेल्यावर कुठे उभं राहायचं ते त्यांना कळेना. पडवी केवढी ती. ते लाकडांच्या ढिगावर बसले.

सासूबाईंनी धाडकन दार लावून घेतलं. त्या पुढे कितीतरी दिवस भाऊजींशी बोलल्या नाहीत. मुकादमानं जाऊबाईंना विचारलं, नवरा म्हणतो ते तुम्हाला मान्य आहे का. जाऊबाई म्हणाल्या, "वेळेवर येते मी उद्या."  मग त्यांनी हातातला बटाटा नवऱ्यापुढे धरला, कारण तो आता खायला कुणाची हरकत नव्हती.

भाऊजींनी असं का केलं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. मी त्यांना विचारलंही, एकदा नाही, अनेकदा, ते म्हातारे झाल्यावरसुद्धा. एकदा म्हणाले, तारेनं बोटं सोलून निघाली होती, सुटका हवी होती. एकदा म्हणाले, रागाच्या भरात बोलून गेलो. एकदा म्हणाले, तू तिला टेबलावर पाहिलं असतंस तर विचारलं नसतंस. यातलं कुठलं खरं? मला वाटतं तिन्ही थोडं थोडं. आणि हेही सांगते, पुढे मंदी सरली, बरमे सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी भाऊजींना बोलावणं आलं. ज्या बायका मंदीत घरी बसल्या होत्या त्यांना बोलावायला मात्र कुणाला घाई नव्हती. काहींना वर्षानं बोलावलं, काहींना कधीच नाही. शेजारची, जिची मी कढई घासली होती, ती परत कारखान्यात गेलीच नाही. मंदीत तिच्या खुर्चीवर बसलेला तिचा नवरा उठून परत बरम्यावर गेला, आणि खुर्ची रिकामीच राहिली.

पण हे सगळं नंतरचं. मला आठवते ती त्या बटाट्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

साहेब खिडकीत यायच्या आत जाऊबाईंना टेबलावर असावं लागे. आणि साहेब खिडकीत येतील तेव्हा पडवीचं धुराडं धुमसत असावं लागे, नाहीतर घर मोजणीतून गेलं. इतके दिवस त्या जाताना चुलीत मोठं लाकूड सारून जात. त्या सकाळी त्यांनी सारलं नाही. हात पुसले, केस आवरले, भाऊजींकडे एकदा पाहिलं आणि निघाल्या. सांगितलं काहीच नाही.

मी आमच्या चुलीपाशी होते. भिंतीपलीकडून फुंकण्याचा आवाज यायला लागला. मग खोकला. मग काड्यांची पेटी सांडल्याचा आवाज. मग अगदी हळू, सासूबाईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, भाऊजींनी विचारलं, "अगं, धूर जास्त यायला काय करतात?"

मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, ओलं लाकूड घाला.

त्यांनी बहुधा सगळंच ओलं लाकूड घातलं. आधी थोडा पांढरा धूर आला, मग पाइप भरून काळा, मग तो पाइपात मावेना म्हणून दारातून, फटींतून, कौलांमधून. कोंबड्या ओरडत सुटल्या. ओळीतल्या बायका खोकत पायऱ्यांवर आल्या आणि बघायला लागल्या. धुरातून भाऊजी बाहेर आले, डोळे लाल, हातात फुंकणी, भुवयांवर राख. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मान वर करून कारखान्याच्या खिडकीकडे पाहिलं.

साहेब कप घेऊन उभे होते. त्यांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिलं, आणि मग हात नाकासमोर हलवत खिडकी लावून घेतली.

"दिसला का गं त्यांना?" भाऊजींनी मला विचारलं.

मी म्हटलं, दिसला.

तरी ते परत आत गेले आणि त्यांनी आणखी एक ओलं लाकूड चुलीत सारलं.